किलोमीटरवाली चंदा

आमच्या चंदाला वेळ विचारू नये. ती किलोमीटरमध्ये सांगते.

“दाळ शिजायले चार किलोमीटर लागते वयनी,” असं ती कुकरकडे बघत म्हणते. आंघोळीला जाताना “एका किलोमीटरात येतो” म्हणते आणि खरोखर पाच मिनिटांत बाहेर येते. एकदा नात्यातल्या लग्नाला मुहूर्त टळून दोन तास झाले, तरी नवरदेव पारावरच होता. तेव्हा भर मांडवात ती म्हणाली, “एवढ्यात अर्धी मॅरेथॉन झाली असती.” मुलाकडच्यांना ते बरेच दिवस लागून राहिलं.

मी या घरात नवी होते तेव्हा तिला विचारलं होतं, मामंजी वावरातून कधी येतात? ती म्हणाली, दोन किलोमीटरात. मला वाटलं, वावर दोन किलोमीटर लांब आहे. आरामात चहाची भांडी घासत बसले. दहा मिनिटांत मामंजी दारात उभे. वावर घराला लागूनच होतं.

चंदा माझी नणंद. सध्या ती पोहते, सायकल चालवते आणि पळते, आणि याच कामाचा तिला पगार मिळतो. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. तिन्ही गोष्टी एकामागोमाग, मध्ये बसायची सोय नाही. रिसोडच्या बाजारात मामंजींना अजून कोणी ना कोणी विचारतं, पोट्टी काय करते? मामंजी सांगतात, “पयते.” आमच्याकडे ‘ळ’चा सर्रास ‘य’ होतो, त्यामुळे चंदा पळत नाही, पयते. समोरचा पुन्हा विचारतो, ते ठीक आहे, पण काम काय करते? मामंजी म्हणतात, “तेच.”

आमचं घर रिसोडपासून तीन किलोमीटरवर, मळ्यातच आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि पावसाळ्यात दोडकी. मी अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा चंदा चौदा वर्षांची होती आणि मी बावीसची. माझ्या सासूबाई ती नऊ वर्षांची असतानाच गेल्या होत्या. घरात मामंजी, माझे यजमान गजानन आणि ही. दोन्ही पुरुष कमी बोलणारे. त्यामुळे या मुलीला बोलायची सवय नव्हती, पळायची होती.

रोज पहाटे बापलेक गाडीवर भाजी घालून बाजाराला जायचे आणि काहीतरी घरी विसरून जायचे. कधी तराजूचं वजन, कधी दोरी, कधी मामंजींचा चष्मा. मग चंदा ती वस्तू हातात घेऊन त्यांच्यामागे धावायची. मी महिनाभर हे पाहिलं आणि मनात म्हटलं, किती विसराळू घर आहे. एके दिवशी पिठाच्या डब्यात मला किलोचं वजन सापडलं. तिला विचारलं तर ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. मग म्हणाली की काही विसरलं नाही तर पळायला जायचं काय कारण सांगायचं?

मी वजन परत पिठात ठेवलं. आमची मैत्री त्या दिवशी झाली असं मी मानते.

पुढे मला जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. चंदा बारावी झाली आणि तिनं पोलीस भरतीची तयारी सुरू केली. आमच्या भागात पळणाऱ्या मुलीला दुसरं काही सुचवतच नाहीत. पळण्यात तिचा कोणी हात धरणार नव्हतं. घोडं अडलं उंचीवर. एक सेंटिमीटर कमी. मामंजींनी लिंबाच्या फांदीला दोर बांधून दिला. चंदा रोज सकाळ-संध्याकाळ त्याला लोंबकळायची आणि उतरल्यावर मी तिला दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलीनं खूण करायची. चार महिन्यांत फांदी बोटभर खाली आली. चंदा होती तिथेच राहिली.

वाशीमला मोजमाप झालं त्या दिवशी ती एसटीनं परत निघाली आणि अर्ध्या वाटेत उतरून पळत घरी आली. आली ती सरळ मेथी खुडायला बसली. मीही शेजारी बसून खुडू लागले. बऱ्याच वेळानं ती खाली मान घालून म्हणाली, “पाय थांबले का डोक्शात कल्ला होते, वयनी.” हे तिचं नेहमीचं वाक्य. पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मग ती नुसतीच पळायला लागली. नांदेड, अकोला, नागपूर, जिथे शर्यत असेल तिथे. बक्षिसं काय मिळायची विचारू नका. घरात तीन मिक्सर झाले, पाच भिंतीवरची घड्याळं झाली. पाचही घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची. कदाचित म्हणूनच तिचा घड्याळावर विश्वास नाही. शर्यतीला घरचं कोणी आलेलं मात्र तिला चालायचं नाही. गजानन एकदा हौसेनं निघाले तर तिनं त्यांची चप्पल लपवली. म्हणाली, घरचं माणूस दिसलं का मी हळू होतो. आम्हाला वाटलं, असेल एखादा समज. खेळाडूंचे असतात तसले समज.

एका हिवाळ्यात तिची नडगी दुखायला लागली. तिनं हळद लावली, तेल लावलं आणि पळत राहिली. शेवटी मी तिला धरून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी हाडाला बारीक चीर गेल्याचं दाखवलं आणि तीन महिने पळायचं नाही म्हणून बजावलं. चंदानं विचारलं, तीन महिने म्हणजे किती? डॉक्टर म्हणाले, तीन महिने म्हणजे तीन महिने.

ते दिवस आठवले की मला अजून दडपण येतं. ही मुलगी घरात बसली. कांदे चिरले, गाद्या उसवल्या, पुन्हा भरल्या, माझ्या शाळेच्या तक्त्यांना चारही बाजूंनी रंगीत पट्ट्या लावल्या. जेवण कमी झालं. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. एकदा मी शाळेतून आले तर ती विहिरीच्या काठावर पाय सोडून नुसती पाण्याकडे बघत बसली होती. मी पिशवी वाटेतच टाकली. मी हाक मारली. ती म्हणाली, “डॉक्टर पाण्यात नाई म्हणला का?” मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, पोहायला हरकत नाही, पाण्यात हाडावर भार येत नाही.

पण चंदाला पोहता येत नव्हतं. मामंजींनी मग वाळवलेले दोन दुधी भोपळे काढले, तिच्या कमरेला बांधले आणि दोराचं एक टोक आपल्या हातात धरून तिला विहिरीत सोडलं. आमच्या विहिरीत उतरायला पायऱ्या आहेत आणि घेर चांगला मोठा आहे. मामंजी काठावर बसून तंबाखू मळत सूचना द्यायचे. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा हा माणूस तेव्हा मला पहिल्यांदा सलग बोलताना दिसला. हात मार, पाय मार, तोंड मिट, विहीर पिऊ नको, वांग्याले लागते. पंधरा दिवसांत एक भोपळा सुटला, महिन्याभरात दुसरा. चंदा विहिरीत गोल गोल पोहायला लागली. शंभर फेऱ्या, दोनशे फेऱ्या. तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

वाशीमच्या एका क्रीडाशिक्षकांच्या कानावर ही विहिरीतली पोहणारी गेली. ते बघायला आले आणि त्यांनीच आमच्या ओट्यावर बसून ट्रायथलॉन हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोहणं, सायकल, पयणं हे तर आपल्याकडे सगळेच करतात, त्याले टाळ्या कायले वाजवायच्या?

सरांनी आपली जुनी शर्यतीची सायकल तिला वापरायला दिली. त्या सायकलचे बूट पायडलमध्ये अडकतात आणि टाच बाहेर फिरवल्याशिवाय सुटत नाहीत. चंदाला चढणं शिकवलं होतं, उतरणं ती विसरली. रिसोडच्या स्टँडसमोर एसटी आडवी आली, हिनं ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय अडकलेल्या अवस्थेत सायकलसकट सावकाश आडवी झाली, ती थेट एका बाईच्या वांग्यांवर. ती बाई म्हणाली, बाई, घरी वांगे कमी पडले का? चंदा पडल्या पडल्याच तिला म्हणाली, टाच बाहेर फिरवा न जरा.

पहिली स्पर्धा नागपूरकडे एका तलावात होती. बाकीच्या मुली सरळ गेल्या. चंदा डावीकडे वळायला लागली. जन्मात विहिरीबाहेर पोहली नव्हती, आणि विहिरीत एकाच बाजूनं फिरायची सवय. नावेतल्या माणसानं तिला तीनदा सरळ केलं. चौथ्यांदा त्यानं विचारलं, ताई, तुम्हाला नक्की कुठे जायचंय? ती पाण्यातून शेवटची बाहेर आली. सायकलवर थोड्या जणींना गाठलं आणि पळताना मात्र एकेकीला मागे टाकत अकरावी आली. तिथल्या एका प्रशिक्षक बाईंनी तिला पुण्याला बोलावून घेतलं.

पुण्याला जाऊन तिला आता चार वर्षं झाली. सकाळी पाण्यात, दुपारी सायकलवर, संध्याकाळी रस्त्यावर. सरळ पोहायला शिकायलाच तिला वर्ष लागलं. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, पण बोलत काही नाही. म्हणते, “फोन ओट्यावर ठेव अन् तुवं काम करत राह्य.” मग मी भाकरी थापते, कुकरची शिट्टी होते, मामंजी खोकतात, मोटार बंद करायला गजानन मला हाक मारतात. वीस मिनिटांनी पलीकडून आवाज येतो, “बरं, ठेवतो.” सुरुवातीला मला राग यायचा. आता फोन यायच्या वेळी मी मुद्दाम भांडी जरा जोरात ठेवते.

गेल्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या एका गावी मोठी शर्यत होती. तिच्यात पहिल्या तिघींत आली तर पुढच्या वर्षीपासून व्यावसायिक खेळाडूंमध्ये उतरता येणार होतं, आणि सायकली बनवणारी एक कंपनी तिला पगारावर घेणार होती. नाही आली तर परत यायचं, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. मला तिनं हे फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि नेहमीसारखं बजावलं, कोणी येऊ नका.

तिचं ते एक वाक्य मला काही बरं वाटलं नाही. मी शाळेत रजा टाकली. गजानन म्हणाले, तिनं नाही म्हटलंय. मी म्हटलं, चप्पल लपवायला ती इथे नाही. दोन गाड्या बदलून गेले. समुद्र मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशीही धड पाहिला नाही. तोंडाला ओढणी गुंडाळून दोरीमागे उभी होते आणि शेकडो टोप्यांत आमची टोपी कुठली ते शोधत होते.

पाण्यातून ती बाराव्या क्रमांकावर आली. सायकलवरून उतरली तेव्हा सहावी. मग ऊन चढलं आणि दहा किलोमीटर पळायचं होतं. तिसऱ्या किलोमीटरला ती माझ्यासमोरून गेली. ओठ पांढरे पडले होते. मी ओढणी आणखी वर घेतली, न जाणो दिसले तर हळू व्हायची. शेवटच्या वळणावर ती चौथी होती आणि पुढची मुलगी वीसेक पावलं लांब. मी ओरडले नाही. दोरी मात्र इतकी घट्ट धरली होती की शेजारच्या गृहस्थांनी ती माझ्या हातातून सोडवून घेतली.

चंदा तिसरी आली. रेघ ओलांडली, दोन पावलं चालली आणि खाली बसली ती उठलीच नाही. दोघांनी तिला उचलून पांढऱ्या तंबूत नेलं. मी दोरीखालून वाकून जायला लागले तर तिथल्या मुलानं अडवलं. आत फक्त घरच्यांना सोडतो म्हणाला. मी सांगू लागले तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एका मुलीनं विचारलं, तुम्ही चंद्रकलाच्या आई बोलताय का?

मी म्हटलं, नाही हो, तिची आई नाही. ती लहान असतानाच गेली.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. ती मुलगी जरा गोंधळून म्हणाली, पण इथे आईच लिहिलंय. मंगल, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. नंबर पण हाच आहे.

मंगल म्हणजे मीच. ती काळजीच्या सुरात सांगायला लागली की घाबरू नका, उन्हानं चक्कर आली आहे, सलाईन लावलंय, तुम्ही किती लांब आहात? मी म्हटलं, इथेच आहे, दोरीच्या पलीकडे.

तंबूत चंदा खाटेवर आडवी होती. पायांना ओल्या पट्ट्या, हाताला सलाईन, कपाळावर मिठाचा थर. मला बघून तिचे डोळे मोठे झाले. आत्ता तर फोन केला, एवढ्यात कशी पोहोचली, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की सकाळपासून इथेच उभी आहे. मग तिनं उशाशी ठेवलेल्या तिच्या फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड कनातीकडे फिरवलं.

मी खाटेच्या कडेला बसले. फॉर्म हातात घेतला. तिच्या गिचमिड अक्षरात माझं नाव होतं आणि नात्यापुढे ‘आई’च्या खान्यात खूण होती. मी तिला विचारलं, हे कधीपासून?

“पयल्या शर्यतीपासून,” ती कनातीलाच म्हणाली. “फॉर्मात वयनीचा खाना नसते.”

मी कागद तिच्यासमोर धरला. आई, वडील, पती, आणि शेवटी एक खाना होता. मी म्हटलं, “इतर आहे की हे.”

चंदानं मान वळवून त्या खान्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं. मग माझा हात सलाईन नसलेल्या हातानं ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

“तुले इतर कशी लिहू,” ती म्हणाली.