रताळेपूरसाठी परवडणारी डिस्क

घरच्या गेमिंग संगणकात जागा उरलेली नाही, ही बाब कांग शी-युआन यांच्या निदर्शनास जुलैच्या पहिल्या रविवारी आली. कांगसाहेब तैपेईतल्या एका प्रभाग कार्यालयात खरेदी विभागाचे कारकून. बाब निदर्शनास आणणारी त्यांची मुलगी यू-फेई. ती आठ वर्षांची असल्यापासून बापलेकींनी एका खेळात गाव वसवलं होतं, रताळेपूर. बाराशे घरं, एक देऊळ आणि कोणाच्याच उपयोगाचा नसलेला विमानतळ. सप्टेंबरात ती शिकायला ताइनानला जाणार होती. त्याआधी गावाला बंदर बांधायचं ठरलं होतं.

"बाबा, डिस्क भरलीय. वर खरखरायलाही लागलीय. एक जादाची आणून टाक ना."

आणून टाक! वीस वर्षांच्या नोकरीत कांगसाहेबांनी कोणतीच वस्तू नुसती आणून टाकली नव्हती. त्यांनी तत्काळ निवड समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, तांत्रिक सदस्य यू-फेई. पहिल्या बैठकीत 'परवडणारी' या शब्दाची व्याख्या करण्यासाठी दुसरी बैठक बोलावण्याचं एकमतानं ठरलं.

"तोवर गावाची नक्कल माझ्या पेनड्राइव्हवर तरी घेऊ?" तांत्रिक सदस्यांनी विचारलं.

"अजिबात नाही. तात्पुरती सोय झाली की कायमची खरेदी बोंबलते. आमच्या कार्यालयाच्या गळक्या छपराखाली सहा वर्षं बादली आहे, ती उगाच नाही."

खबरदारी म्हणून मात्र त्यांनी संगणकाच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. ते ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तैपेईत शेंबडं पोरही सांगेल. पाकीट हिरवंच हवं, मुदतीतलं हवं आणि फोडलेलं नको. कार्यालयातलं सगळं कामकाज अशाच पाकिटांवर चालत असल्यानं कांगसाहेब निर्धास्त झाले.

मग तीन दरपत्रकं आली. ती तपासेपर्यंत दर बदलले, म्हणून पुन्हा तीन मागवली. दरम्यान नवं मॉडेल निघालं. त्याला संधी न देणं अन्यायाचं झालं असतं. ऑगस्ट उजाडला तेव्हा तुलनातक्त्यात एकेचाळीस डिस्का होत्या आणि हमीच्या अटींचा रकाना लाल शाईनं भरला होता.

"कांगसाहेब, नववी खेप तुमची," संगणक बाजारातल्या मालकीणबाई म्हणाल्या. "पन्नास डॉलर सोडते, पण आज घेऊन जा हो! मेट्रोच्या तिकिटांतच एक डिस्क आली असती."

"प्रवासखर्च वेगळ्या शीर्षाखाली येतो," कांगसाहेबांनी नम्रपणे खुलासा केला आणि ते दरपत्रक घेऊन परतले. आपण हास्यास्पद दिसतो हे त्यांना ठाऊक होतं. पण महाग घेऊन हसं होण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना मनापासून वाटे.

अंतिम बैठक ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी भरली. यू-फेईची बॅग दाराशी उभी होती. ती चहा आणायला खाली गेली तेव्हा सव्विसावी आणि एकतिसावी डिस्क यांच्यात चुरस चालली होती. अध्यक्ष तक्त्यात बुडाले. भूक लागली. हात आपसूक वर गेला.

"बाबा, काय खातोयस?"

कांगसाहेबांनी हातातल्या फोडलेल्या हिरव्या पाकिटाकडे पाहिलं. मग दोघांनीही कान दिले. खरखर थांबली होती. पडदा काळा पडला होता.

दुरुस्तीवाल्यानं संध्याकाळी मान हलवली. दहा वर्षांचं रताळेपूर, विमानतळासकट, गेलं होतं. यू-फेई रडली नाही. "जाऊ दे बाबा," एवढंच म्हणाली. आपण लेकीचं बालपण पन्नास तैवानी डॉलरसाठी घालवलं, हे कांगसाहेबांना कोणत्याही शीर्षाखाली दाखवता येईना.

पुढच्या शनिवारी ताइनानहून निरोप आला. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दिसेल ती डिस्क दहा मिनिटांत घेतली होती आणि नव्या गावाचं पहिलं घर बांधलं होतं. कांगसाहेबांनी उत्तर लिहिलं: "केवढ्याला पडली?"

समितीतलं तांत्रिक सदस्याचं पद त्या दिवसापासून रिक्त आहे. गाव गेलं, लेक गेली, ते असू दे. पण सव्विसावी आणि एकतिसावीत शेवटी स्वस्त कोणती ठरली, हे ज्या वाचकांना अजून जाणून घ्यायचं असेल, त्यांनी अर्ज करावा. मुलाखतीची गरज नाही.