बादलीतला लाभार्थी

निवृत्त कालवा-अभियंता दत्तात्रेय खैरनार यांनी २००३ सालच्या डिसेंबरात गंगापूर रोडवरील आपल्या घरी खाऱ्या पाण्याचा एक मासा आणवला. मासा नारिंगी होता, अंगावर तीन पांढरे पट्टे होते आणि तो मुंबईहून प्लास्टिकच्या पिशवीत आला होता. दिवाणखान्यातली काचेची टाकी महिनाभर आधीच भरून तयार होती.

मासा पोहोचवायला आलेले दुकानदार इसाकभाई यांनी कृती सांगितली. पिशवी पाव तास टाकीत तरंगत ठेवायची, म्हणजे दोन्हीकडचे पाणी सारखे गार होते. मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्यायचा. टाकीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब त्यात सोडायचे. तासाभराने मासा जाळीने उचलून टाकीत.

"घाई केली तर नव्या पाण्याने मरतो, साहेब. उशीर केला तर जुन्या पाण्याने मरतो," इसाकभाई म्हणाले. "एक तास. बस."

"म्हणजे ठिबक," खैरनार म्हणाले. "हा आमचाच विषय आहे. तुम्ही निघा."

तेहतीस वर्षे त्यांनी कालव्याला पाणी सोडले होते. ते शेवटच्या शेतापर्यंत पोहोचले की नाही, हा वेगळा विषय होता. इसाकभाईंनी आपला फोन नंबर खैरनारांच्या पत्नी संध्याताईंकडे दिला आणि ते गेले.

पाव तासाने मासा बादलीत आला. पाणी मात्र सुटले नाही. पाणी सोडायचे तर आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, ठरवावे लागते, आवर्तन ठरवायचे तर मागणी लागते, आणि मागणी पाटबंधारे खात्याच्या सात नंबरच्या अर्जावर लागते. अशा कोऱ्या अर्जांचा एक गठ्ठा खैरनारांनी निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून घरी आणला होता.

"अहो, तो वर येऊन तोंड उघडतोय," संध्याताई म्हणाल्या.

"मागणी लेखी लागते."

अर्जदाराच्या जागी शेवटी संध्याताईंनी सही केली. 'पीक' या रकान्यात 'मासा' आणि 'क्षेत्र' या रकान्यात 'एक बादली' असे लिहिले गेले. बादलीचा सातबारा उपलब्ध नसल्याने तिच्या खरेदीच्या पावतीवर भागवण्यात आले. तपासणीसाठी खैरनारांचे जुने सहकारी, कालवा निरीक्षक भिकन अहिरे यांना स्कूटरवरून बोलावून घेतले. त्यांनी आल्याआल्या चूक काढली.

"साहेब, पहिलं पाणी सोडायचं अन् जलपूजन नाय? लोकं काय म्हनतील?"

जलपूजन म्हटल्यावर पाहुणे आले, पाहुण्यांमागून प्रमुख पाहुणे आले. नगरसेवकांना फोन गेला. ते "निघालोच" म्हणाले, म्हणजे त्यांची आंघोळ बाकी होती. दिवाणखान्यात तेवीस माणसे मावेनात, म्हणून कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये ठरला. खैरनारांनी बादलीवर लाल कापड बांधले.

"अहो, एक तास म्हणाले होते ते. हा मरेल!"

"कार्यक्रमपत्रिकेत पाणी शेवटी आहे," खैरनार म्हणाले. "आधी स्वागत, मग प्रास्ताविक." आणि ते भिकनना घेऊन खुर्च्या लावायला खाली गेले. थोड्या वेळाने भिकन पुन्हा वर आले आणि बादली दोन्ही हातांनी धरून, पाणी न हिंदकळता, खाली घेऊन गेले.

नगरसेवक दोन तासांनी आले. कापड सोडले गेले. नारळ फुटला, त्याचे पाणी बादलीत गेले. हळदीची चिमूट गेली, कुंकवाची गेली, झेंडूच्या चार पाकळ्या गेल्या. भिकननी स्टुलावर ठेवलेल्या, टाकीच्या पाण्याच्या कॅनमधून नळीने पहिला थेंब सोडला.

"मोठ्यांना पाणी सगळेच देतात," नगरसेवक म्हणाले. "आम्ही या लहानग्यालाही विसरलो नाही!"

टाळ्या झाल्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी वाकून माशाला दीर्घायुष्य चिंतिले. वार्ताहराने सर्वांना बादलीभोवती दाटीने उभे केले आणि स्वतः खुर्चीवर चढून फोटो काढला. मग चहा झाला.

बादली घेऊन खैरनार वर आले, तेव्हा मासा टाकीत पोहत होता.

"हा इथे कसा?"

"तुम्ही खुर्च्या लावत होतात तेव्हा डब्यात काढून घेतला," संध्याताई म्हणाल्या. "कापड परत बांधलं, इसाकभाईंना फोन केला आणि त्यांनी सांगितलं तसं तासभर थेंब सोडत बसले. तुमच्या बादलीत नुसतं पाणी होतं."

खैरनारांनी बादलीतल्या झेंडूच्या पाकळ्या बाजूला सारून पाहिले.

"तेवीस माणसं वाकली. एकालाही दिसलं नाही?"

"गॅलरीतून बघत होते मी. तुम्हीही वाकला होतात."

"मी कॅमेऱ्याकडे बघत होतो."

त्यांनी वही उघडून नोंद केली : 'आवर्तन क्रमांक एक पूर्ण. लाभार्थी सुस्थितीत.' दोन्ही वाक्ये खरी होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावर चार कॉलमी रंगीत फोटो आला. वरून काढलेला असल्यामुळे बादली थेट तळापर्यंत दिसत होती. बातमीत माशाच्या चेहऱ्यावरील समाधानाचा उल्लेख होता. वर्तमानपत्राच्या कार्यालयात दिवसभरात दोन तक्रारी आल्या. दोन्ही फोटोखालच्या ओळीत नाव राहून गेल्याच्या होत्या.

वाचकहो, तो अंक आपल्याही घरी आला होता. फोटोत ओळखीचे कोण आहे, ते आपण चहा संपेपर्यंत शोधत होतात.