आधी चांगलं, मग चप्पल

कांदिवलीच्या आमच्या केंद्रात चप्पल काढायलाही परवानगी लागते, आणि दळवी मॅडम ती सहज देत नाहीत. आपल्याबरोबर जो आला असेल त्याच्याबद्दल दारात उभं राहून आधी एक चांगली गोष्ट सांगायची. मगच चप्पल काढून आत यायचं.

ऑटिझम असलेली मोठी मुलं इथे दिवसभर असतात. मोठी म्हणजे दाढीमिशा आलेली. आईवडील सकाळी मुलाबरोबर तक्रारीही घेऊन येतात. मॅडम दारात हात आडवा लावतात. "वाईट नंतर सावकाश ऐकते, चहासुद्धा देते. आधी चांगलं." एकदा एक वडील घाईघाईत म्हणाले, "चांगला मुलगा आहे हो."

"ते लग्नाच्या बायोडेटात लिहा. मला आजचं सांगा."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि हे डोकं खाजवत आठवत होते.

गॅसवाल्यालाही सूट नाही. तो एकटाच आलेला, म्हणून त्यानं सिलिंडरबद्दल सांगितलं, "भरलेला आहे." मॅडमना ते पटलं.

मी इथे कॉलेजच्या फील्डवर्कसाठी आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई गोवंडीत शेजारणींना सांगते, "ती मनाचं काहीतरी शिकते." सकारात्मक मानसशास्त्राचा धडा मी पाठ केला होता, तो पहिल्याच दिवशी मॅडमना म्हणून दाखवला. माणसाच्या उणिवांपेक्षा त्याच्या बळांकडे पाहावं, वगैरे. मॅडम म्हणाल्या, "बरां आसा गो. पण बघूचां कसां, तां शिकवल्यांनी काय?" खूश झाल्या किंवा चिडल्या, की मॅडम मालवणीत शिरतात. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पराग आमच्यातला सगळ्यात उंच. त्याला प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायचा असतो. ताटाचा, खुर्चीचा, माणसांचाही. त्याची आई, स्मिताताई, एका सकाळी दारात आल्या आणि चपलेकडे बघत उभ्या राहिल्या.

"बोल गं," मॅडम म्हणाल्या.

"आज नाही सापडत, मॅडम. काल दुकानात यानं एका बाईचे केस हुंगले. सगळ्यांसमोर काय काय ऐकावं लागलं. कंटाळले मी."

मला वाटलं, आता मॅडम समजावतील. त्या बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. "मग बस. सापडेपर्यंत मी पण बाहेर."

दोघी बसून राहिल्या. आत चहा उकळून आटला. बऱ्याच वेळानं स्मिताताई म्हणाल्या, "सकाळी दूध लागलं होतं. मला कळलंच नाही. यानं लांबूनच सांगितलं."

"झालं की! नाक म्हणजे नाक आहे ह्याचं!" मॅडम उठल्या. त्या दिवसापासून केंद्रातलं दूध परागनं हुंगल्याशिवाय गॅसवर चढत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र मॅडमनी त्याला एक वाक्य शिकवलं. आधी विचारायचं, "वास घेऊ?" 'नाही' आलं तर हात मागे बांधून उभं राहायचं.

मॅडम रोज सगळ्यांच्या आधी यायच्या, स्वतःच कुलूप उघडायच्या. त्यामुळे त्यांना दारात कधी कुणी अडवलंच नव्हतं. मागच्या महिन्यात त्यांची दाढ ठणकायला लागली. चावी माझ्याकडे देऊन त्या डॉक्टरकडे गेल्या. परत आल्या तेव्हा दारात पराग होता. हात आडवा.

"आधी चांगलं."

"सोड रे, दाढ दुखतेय माझी."

"हे चांगलं नाही."

आम्ही सगळे हसलो. परागला न्यायला आलेल्या स्मिताताई तर तोंडाला पदर लावून. परागनं मॅडमच्या मागे डोकावून पाहिलं.

"मॅडमबरोबर कोण?"

"कोणी नाही."

"मग मॅडमचं चांगलं कोण सांगणार?"

मॅडम नेहमी लगेच बोलतात. या वेळी त्यांनी चपलेचा अंगठा जमिनीवर घासला. "माझ्या घरी कोण आसा रे सांगूक," त्या हळूच म्हणाल्या. ती मालवणी खुशीची नव्हती, चिडण्याचीही नव्हती. स्मिताताई काही बोलायला पुढे झाल्या, पण त्याआधीच पराग वाकला.

"वास घेऊ?"

मॅडमनी मान डोलावली. त्यानं त्यांच्या सुजलेल्या गालाजवळ नाक नेलं, डोळे मिटले.

"लवंग," तो म्हणाला. "छान वास आहे."

आणि हात काढून बाजूला झाला.

ती दाढ पुढच्याच आठवड्यात काढली. लवंग मात्र मॅडम अजून रोज तोंडात ठेवतात. आणि चावी माझ्याकडेच राहिली आहे, कारण हल्ली त्या थोड्या उशिरा, पराग दारात पोचल्यावर येतात.