बाहेरून काहीच दिसत नाही

केयूर परदेशात डिझाइन शिकून रहाटणीला परत आला तेव्हा त्याच्याकडे दोन बॅगा होत्या आणि आईच्या दुकानाबद्दल ठाम मतं होती. बॅगा एका दिवसात रिकाम्या झाल्या.

आईचं, म्हणजे चित्राताईंचं, दुकान शिवलेल्या नऊवारीचं. पायात चढवायची, हुक लावायचे, की झाली नेसून. वडील श्रीपादराव चाकणच्या एका कंपनीत. त्यांनी पोराला सरळ सांगितलं होतं, "पाडव्यापर्यंत दुकानाचं काय ते कर. धंदा वाढला तर तुझं खरं. नाहीतर साहेबांशी बोलून ठेवलंय, आमच्याकडे लागायचं."

केयूरला कंपनीत लागायचं नव्हतं. त्याला समाज बदलायचा होता, आणि सुरुवात दुकानाच्या काचेपासून करायची असं त्याने ठरवलं.

"आई, रस्त्यावरचे लोक आत बघतात. बायकांनी मोकळेपणाने ट्रायल घ्यायची कशी?"

"आत पडदा आहे की."

"पडदा ही मानसिकता आहे," केयूर म्हणाला. (हे वाक्य तिकडे सेमिनारमध्ये चांगलं चाललं होतं.)

त्याने बसच्या खिडक्यांवर जाहिरातीसाठी लावतात ती बारीक भोकांची फिल्म छापून आणली. आतून रस्ता दिसतो, बाहेरून आतलं दिसत नाही. लावायला माणूस बोलवायचा नाही, स्वतः लावायची, कारण श्रमप्रतिष्ठा. फिल्म आधी स्वतःला चिकटली, मग केयूरला, आणि अगदीच नाइलाज झाल्यावर काचेला. तरी ठिकठिकाणी पुरीसारखी फुगलीच. शेवटी आईने घरून लाटणं आणलं आणि काच लाटून काढली.

फिल्मवर मोठ्या अक्षरांत केयूरचा मजकूर होता: "संकोच सोडा. निःशंक आत या. बाहेरून काहीच दिसत नाही." दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात, बारीक. वरचा जुना बोर्ड त्याने आधीच उतरवला होता, त्याचे भडक रंग ओरडतात म्हणून.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तोंडाला रुमाल बांधून. मध्यमवयीन गृहस्थ होते. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "डॉक्टर कधी बसतात?"

"कसले डॉक्टर?" चित्राताईंनी विचारलं.

गृहस्थांनी काचेकडे बोट केलं. "तेच. संकोचवाले."

आठवडाभर असेच गृहस्थ येत राहिले. बायका मात्र एकदम थांबल्या. समोर चहाची टपरी चालवणारा भिमाजी एकदा कटिंग द्यायला आला आणि म्हणाला, "वैनी, राग मानू नका, पन बायामान्सं हितनं खाली मान घालून जात्यात. म्हंत्यात, नऊवारी बंद झाली, आता गुप्त दवाखाना हाय."

पाडवा तोंडावर आला. हातात ऑर्डर उरली होती एकच, सुमनताईंची. त्या शाळेत पीटी शिकवायच्या आणि शोभायात्रेत बुलेट चालवणार होत्या. त्यांचा फोन आला, "ट्रायलला यायला जमत नाही हो. उद्या सकाळी न्यायलाच येते. गाडीवर टांग टाकताना टरकायला नको, एवढं बघा."

आता नऊवारीची खरी परीक्षा पायांत, आणि दुकानातला पुतळा कमरेपाशी संपलेला. चित्राताईंनी पुतळ्याकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं.

"सुमनताईंची उंची तुझ्याएवढीच आहे."

"आई, काहीतरीच काय?"

"का? बाहेरून काहीच दिसत नाही ना?"

स्वतःच्याच सिद्धांतापुढे केयूरचं काही चालेना. तो नऊवारीत चढला. दिवेलागण झाली होती, म्हणून शिवण नीट दिसावी यासाठी आईने दुकानातले सगळे दिवे लावले.

"स्टुलावर टांग टाक. हां. नुसता बसू नकोस, गाडी चालव."

केयूर जे करेल ते मनापासून करणारा. त्याने किक मारली, गिअर टाकला, तोंडाने इंजिनही सुरू केलं.

"वळण घे. आता लोकांना हात कर, पदर सरकतो का बघू."

केयूरने डावीकडे हात केला, उजवीकडे केला, मग काळ्याभोर काचेकडे बघून झकास हसला. तेवढ्यात दार उघडून श्रीपादराव आत आले. कंपनीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडायची. त्यांनी डबा शांतपणे काउंटरवर ठेवला.

"चित्रा, पोराला सांग, पुढे सिग्नल आहे. आणि बाहेर अर्धी बस उतरून उभी आहे."

त्या फिल्मचं असं असतं की ज्या बाजूला उजेड, ती बाजू दिसते. दिवसा रस्ता दिसतो, संध्याकाळी दुकान. (केयूरने बाहेर उभं राहून खात्री केली होती, पण सकाळी.) त्याने दारातून डोकं बाहेर काढलं. गर्दीत मोबाइल वर धरलेले होते, आणि पुढे भिमाजी किटली घेऊन उभा होता.

"थांबलात का दादा?" भिमाजी म्हणाला. "घाटाचा चढ आत्ताच संपला व्हता."

केयूर रात्रभर चाकणच्या नोकरीसाठी मनाची तयारी करत होता. सकाळी दुकान उघडायला गेला तर पायरीवर बायका बसलेल्या. व्हिडिओ रहाटणीभर फिरला होता. एवढी टांग टाकून, एवढं वाकून जी नऊवारी कुठे टरकत नाही, ती सगळ्यांना हवी होती. सुमनताई आपली न्यायला आल्या, फक्त म्हणाल्या, "कमरेत जरा आत घ्या. मी तुमच्या मुलापेक्षा बारीक आहे."

गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बापलेकांनी मिळून फिल्म काढली. हेअर ड्रायरने तापवायची आणि ओढायची. "संकोच" लगेच सुटला. राहिलेला गोंद मापं द्यायला आलेल्या बायकांनीच खोबरेल लावून, गप्पा मारत खरवडला. मशीन थांबत नव्हती, आई गुणगुणत होती, आणि केयूरला वाटलं, समाज बदलला नसेल, पण दुकान तरलं.

"साहेबांना कळवलं," काच पुसता पुसता श्रीपादराव म्हणाले. "मुलगा येत नाही म्हणून."

"रागावले?"

"छे. तो व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर आलाय. म्हणाले, मुलगा अगदी योग्य जागी आहे."

केयूरची छाती फुगली.

"त्यांच्या मिसेसनाही एक हवी आहे, मापं पाठवलीत. ट्रायलला यायला जमणार नाही. पण उंची म्हणे तुझ्याएवढीच."

आईने स्टूल पुढे ओढलं. केयूरने काचेकडे बघितलं. ती लख्ख झाली होती, इतकी की टळटळीत दुपारच्या उन्हात पलीकडची टपरी स्वच्छ दिसत होती, आणि टपरीसमोर, दुकानाकडे तोंड करून, बाकं मांडणारा भिमाजीही.