ठकीची माती

"अगं, म्या तीस वरसं भोरचा स्टँड सांभाळला! ह्यो तर एक कोळी!"

असं म्हणून कुंडलिकअण्णांनी स्नेहलच्या हातातला कागद घेतला आणि न वाचताच घडी घालून खिशात टाकला.

अण्णा एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं त्यांनी फळ्यावर खडूने सूचना लिहिल्या आणि तीस वर्षं लोकांनी त्याच फळ्याला टेकून विचारलं, "सारोळ्याची गाडी किती वाजता हो?" लिहिलेलं वाचायचं असतं, यावरचा त्यांचा विश्वास कधीच उडाला होता.

स्नेहल प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिच्या काचेच्या पेटीत तळहाताएवढा एक केसाळ कोळी होता, टॅरँटुला जातीचा; कोपऱ्यात त्याला लपायला एक करवंटी. आठ दिवसांच्या प्रशिक्षणासाठी ती पुण्याला निघाली होती.

"अण्णा, कागद नक्की वाचा हं. या आठवड्यासाठी मी दीड वर्ष थांबलेय."

"बिनघोर जा गं तू!"

बोलले खरं, पण अण्णांना आतून धाकधूक होती. स्नेहल शाळेत असताना तिचा पोपट त्यांच्या हातून उडाला होता आणि लेक महिनाभर बोलली नव्हती. त्यानंतर तिने पहिल्यांदाच एक जीव त्यांच्यावर सोपवला होता. यावेळी चूक होऊन चालणार नव्हती!

नर की मादी ते कळल्याशिवाय स्नेहल कोळ्याचं नाव ठेवायला तयार नव्हती. तिच्या आईला, सखूबाईंना, हे पटेना. "घरात जेवनाऱ्या जिवाला नाव नको व्हय?" त्यांनी परस्पर नाव ठेवलं, ठकी.

पण ठकी जेवेचना! सखूबाईंनी स्वयंपाकघरातलं एक धष्टपुष्ट झुरळ पकडून दिलं, तर ते पेटीत मजेत हिंडत राहिलं. अण्णांनी त्याला बाहेर काढून गूळभाकरीचा काला ठेवला. ठकीने त्याच्याकडे पाठ केली.

"माझ्या हातचं तिला आवडत न्हाई," सखूबाई म्हणाल्या आणि खरोखरच हिरमुसल्या.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा ओरडले, "अगं सखू, ठकी उताणी पडलीया!"

शेजारचे गेनूकाका धावत आले. उभ्या आळीत गुराढोरांचं औषधपाणी त्यांच्याकडे. त्यांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि मान हलवली.

"बसल्यालं जनावर उठवता येतं अण्णा. उताणं पडल्यालं न्हाई. हात लावू नका, सुखानं जाऊ द्या तिला."

पेटीवर धुतलेला पंचा टाकला. सखूबाईंनी जवळ निरांजन लावलं. दुपारी पंचा काढला तर पेटीच्या मधोमध ठकी निपचित पडलेली. अण्णांनी तिला अलगद उचललं.

"फुलावानी हलकी झाली गं!"

"उपाशी गेली बिचारी," सखूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी कपाळाला हात लावला. आता लेकीला काय तोंड दाखवायचं?

गेनूकाकांनी आपला सर्जा बैल गेला तेव्हा त्याला गुलाल लावून शेतात पुरलं होतं. "घरातलं जनावर उघड्यावर टाकत न्हाईत," त्यांनी बजावलं. पेढ्यांचा रिकामा बॉक्स सापडला. गुंडाळायला काही हवं म्हणून अण्णांनी खिशात हात घातला, तर एक कागद निघाला. परसात शेवग्याखाली खड्डा खणला, गुलाल उधळला, नारळ फोडला. तिघांनी मूठमूठ माती लोटली.

हे सगळं पलीकडच्या फुलाबाईंनी भिंतीवरून पाहिलं. खड्डा, गुलाल, टोपी काढून उभे गेनूकाका! अशा वेळी कोण गेलं ते विचारत नाहीत. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. संध्याकाळी त्या पिठलंभाकरी घेऊन हजर झाल्या. मागोमाग चंद्राबाई आल्या, त्यांच्या मागून सगुणाबाई. तिघींचं पिठलं!

आपल्याकडे कोळी वारला, हे अण्णांनी कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय पिठल्यावर लसणाची फोडणी होती. अण्णांनी जड मनाने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

तिकडे फुलाबाईंनी स्नेहलला फोन केला. "धीर धर पोरी. आमी हावोत हितं." एवढं बोलून त्यांना हुंदका आला आणि फोन बंद! मग स्नेहलने अण्णांना नऊ वेळा फोन लावला. लेकीचं नाव पाहून अण्णांनी नऊही वेळा मोबाईल उशीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने स्नेहल रडत घरात शिरली.

"आई!"

आई समोरच होती.

"अण्णा!"

अण्णा शेंगा सोलत बसले होते.

"मग गेलं कोण?"

अण्णांनी मान खाली घातली. "ठकी."

स्नेहल डोळे पुसत पेटीकडे गेली आणि तिने कोपऱ्यातली करवंटी उचलली. खालून आठ नवेकोरे, चकचकीत पाय बाहेर आले. ठकी पहिल्यापेक्षा मोठी दिसत होती!

"आगं आयाई! माघारी आली!" अण्णांनी दाराची चौकट धरली.

"गेलीच नव्हती अण्णा! कात टाकली होती. कात कुठंय? तिच्यावरूनच नर-मादी कळणार. माझा सगळा प्रकल्प त्या कातीवर आहे!"

अण्णांनी खोरं उचललं. शेजारून आलेल्या गेनूकाकांनी पुन्हा टोपी काढली. भिंतीपलीकडे फुलाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. "आता उकरून काढाय लागले!" असं किंचाळून त्यांनी ताट तिथंच टाकलं.

बॉक्स उघडला. कात अख्खी होती, आठही पाय शाबूत! स्नेहल इतकी मनापासून हसली की अण्णांच्या जिवात जीव आला. छातीही लगेच फुगली.

"बघ! कागदात जपून गुंडाळली म्हणून टिकली. उगंच न्हाई स्टँड सांभाळला म्या!"

स्नेहलने कागदावरचा गुलाल झटकला आणि मोठ्याने वाचलं.

"जेवला नाही तरी काळजी करू नका. उताणा पडला तर मेला समजू नका, कात टाकतोय. कात कोरड्या डबीत ठेवा." ती थांबली. खाली लाल शाईत एक ओळ होती. "आणि गेनूकाकांना विचारू नका."

गेनूकाकांनी टोपी घातली आणि ते शेवग्याच्या शेंगा मोजू लागले.

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "पिठलं उरलंय. खातीस?"