तिसऱ्या बेसमागचं मौन

आमच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वेस प्रुइट याने चेंडू प्रेक्षकांत फेकला आणि तो नेमका व्हर्ना कुबिचेकच्या मांडीत येऊन पडला. डाव संपला की शेवटचा चेंडू कुणातरी प्रेक्षकाला भेट द्यायचा, ही आमच्याकडची रीत. अडचण एवढीच होती, की डाव संपला नव्हता. तीनपैकी दोनच गडी बाद झाले होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर पाहुण्यांचे दोन खेळाडू उभे होते. चेंडू मैदानाबाहेर गेला म्हणून पंचांनी नियमाप्रमाणे दोघांनाही धाव बहाल केली आणि आमचा मार्लो क्रीकचा संघ हातातला सामना हरला.

"परत फेक तो," गस थॉर्सन म्हणाला.

"आता फेकून काय उपयोग? आणि मला दिलाय त्याने."

"तुला दिलाय. अख्खा सामना दिलाय त्याने तुला. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेव."

गस हा निवृत्त खाटीक. तिसऱ्या बेसच्या मागच्या बाकांवर त्याने उभं आयुष्य काढलं होतं आणि तिथून त्याने किती पिचरांचा उद्धार केला याला गणती नाही. पण वेसने त्याला पार हतबल करून टाकलं होतं. पोराचा हात सोन्याचा होता. लक्ष मात्र कुठे असेल ते सांगता येत नसे. कधी वरून बदकं जात, तर हा बदकांकडे बघे. कुंपणापलीकडून मालगाडी गेली की हा ड्रायव्हरला हात करी. तेवढ्यात बेसवरचा माणूस आरामात पुढच्या बेसवर जाऊन पँटची धूळ झटकत असे. गस ओरडून ओरडून घसा बसवी आणि घरी जाऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करी.

व्हर्नाची गोष्ट वेगळी होती. आमच्या संघाला खेळाडू हॉटेलात ठेवणं परवडत नाही, म्हणून गावातली घरं उन्हाळ्यापुरता एकेक खेळाडू वाटून घेतात. वेस कुबिचेकांच्या वाट्याला आला होता. जेवण झालं की ताटल्या विसळायचा. व्हर्नाचा नवरा आर्लन रेल्वेतून निवृत्त झालेला; त्याच्या रेल्वेच्या गोष्टी वेस शेवटपर्यंत ऐकायचा. व्हर्नाला लग्नानंतर हे कधी जमलं नव्हतं. मे महिन्यात ती त्याला 'भाडेकरू' म्हणे. जुलैपर्यंत ती त्याला जीव लावून बसली होती.

गुरुवारी प्रशिक्षक तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"शनिवारी शेवटची संधी देतोय," ते म्हणाले. "पुन्हा तंद्री लागली तर रविवारच्या बसने ओक्लाहोमाला, त्याच्या घरी रवाना. त्याला सांगू नका, उगाच घाबरेल."

व्हर्नाने वेसला सांगितलं नाही. बाकी सगळ्या गावाला सांगितलं.

"जाऊ दे त्याला," गस म्हणाला. "मी स्वतः सोडतो बसवर."

"आणि मग चेंडू कोण टाकणार, तू? दुसरा आहे कोण आपल्याकडे?"

शेवटी असं ठरलं, की पोराला ध्यान राहत नसेल तर आपण सगळ्यांनी मिळून त्याला आठवण करून द्यायची.

शनिवारी दुपारी सामना सुरू झाला. वेसने पहिल्याच फलंदाजाला चार वाईट चेंडू टाकून फुकट पहिला बेस दिला. आमच्या बाकांवरून ताबडतोब आठवण गेली. "वेस, पहिल्या बेसवर माणूस आहे रे."

वेस हा फार चांगल्या वळणाचा मुलगा. वडीलधारं माणूस बोललं की त्याच्याकडे बघून टोपीला हात लावायचा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने वळून टोपीला हात लावला. "हो काका, थँक्यू." तोवर माणूस दुसऱ्या बेसवर होता.

"अरे, दुसऱ्यावर गेला," दहा जण ओरडले. वेसने दहाही जणांकडे बघून मान लववली. माणूस तिसऱ्यावर पोचला. मग गसने आकाशातल्या बापाला उद्देशून काहीतरी म्हटलं. ते आपल्यालाच आहे असं समजून वेस "काय म्हणालात, काका?" असं विचारत असताना धाव पूर्ण झाली. पाहुण्यांनी अजून एकही चेंडू मारला नव्हता.

व्हर्ना बाकावर उभी राहिली. "बस्स. आता कुणी तोंड उघडायचं नाही. टाळी नाही, शिट्टी नाही. गस, तू तर श्वाससुद्धा जपून घे."

बाकं गप्प झाली आणि वेसने पुढचे तिघे पटापट बाद केले. व्हर्नाला गुण आलेला दिसला, तसा तिने डोस वाढवला. सॉसेज विकणाऱ्याला आरोळी बंद करायला लावली. आर्लनच्या हातातले शेंगदाणे काढून घेतले, कारण टरफलं वाजत होती. दोन डाव झाल्यावर तिला मालगाडीची आठवण झाली.

"आर्लन, तुझी ती गाडी येईल आता. पोरगा हात करत बसेल."

"माझी कसली? मी रिटायर होऊन किती वर्षं झाली."

"फोन कर कुणालातरी."

आर्लनने जुन्या सोबत्याला फोन केला. चाळीस वर्षांच्या संसाराचं दडपण त्याच्या आवाजात असावं, कारण सोबत्याने जास्त काही विचारलं नाही. गाडी गावाबाहेर थांबवली गेली. फक्त ती लांबलचक असल्यामुळे हमरस्त्याच्या फाटकावर आडवी उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना मोटारी तुंबल्या.

त्या तुंबलेल्या मोटारींतल्या एकीत सुती हॅट घातलेला एक माणूस होता. तो पुढच्या गावी सामना बघायला निघाला होता. फाटक उघडेना, तेव्हा कंटाळून त्याने गाडी वळवली आणि आमच्या मैदानावर येऊन तो गसच्या शेजारी बसला. खिशातून त्याने चेंडूचा वेग मोजायचं यंत्र काढलं.

"कुणी मेलंय का?" त्याने हळूच विचारलं. "इतके गप्प का बसलात?"

गसने फक्त धावफलकाकडे बोट दाखवलं. सहा डाव झाले होते आणि पाहुण्यांच्या फटक्यांच्या रकान्यात भोपळा होता. अशा वेळी त्या भोपळ्याचं नाव काढायचं नसतं. काढलं की तो फुटतो, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. सातव्या डावात आमच्या संघाने दोन धावा काढल्या, तेव्हाही आमच्या बाकांनी आनंद गिळूनच टाकला. गसचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात एवढा वेळ तो झोपेतही गप्प राहिला नव्हता.

नवव्या, शेवटच्या डावात दोन गडी बाद झाले. हॅटवाल्याने यंत्र खिशात ठेवलं आणि तो गसच्या कानाशी लागला. ते ऐकून गसने घाईघाईने व्हर्नाचा कान गाठला.

"मोठ्या संघाचा माणूस आहे. एवढा एक बाद केला तर आज संध्याकाळीच घेऊन जातोय म्हणतो. कोलोरॅडोला. आपला वेस, व्हर्ना."

"आजच?"

"आजच. तू बघ तर."

व्हर्ना बघत होती. वेसने दोन चेंडू असे टाकले की फलंदाजाची बॅट हवेतच फिरली. अजून एक तसाच गेला की संपलं. तिने सगळा दिवस खपून, लोकांची तोंडं बांधून, रेल्वे थांबवून हे घडवून आणलं होतं, आणि आता त्यामुळेच पोरगा घरातून जाणार होता. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. वेसने हात मागे नेला, आणि त्या चर्चसारख्या शांततेत व्हर्ना उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "वेस, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय."

आमची सगळी बाकं तिच्याकडे वळली. पंचांनी मान वर केली. फलंदाजाने तर सरळ वेसच्या बुटांकडे पाहिलं. फक्त वेसने कुठेच पाहिलं नाही. चेंडू फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन आपटला आणि सामना संपला.

मग जो कल्लोळ उसळला त्यात व्हर्नाला जाब विचारायला कुणाला सवड झाली नाही.

दिवस मावळायच्या आत कुबिचेकांच्या दारात हॅटवाल्याची मोटार उभी होती. आर्लन बॅगा बाहेर नेत होता. निरोप द्यायला आलेला गस स्वयंपाकघरात खुर्ची अडवून बसला होता. व्हर्ना कोलाच, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, डब्यात रचत होती, एकावर एक, मावतील त्याहून जास्त.

"काकू, शेवटच्या चेंडूला कुणी काही बोललं का?" वेसने विचारलं. "कॅचर म्हणत होता, कुणी बाई ओरडल्या. मला काहीच ऐकू आलं नाही."

ज्याने उभ्या आयुष्यात कुणाची चूक पोटात ठेवली नव्हती, त्या गसने व्हर्नाकडे पाहिलं.

"कुणी नाही रे," तो म्हणाला. "आम्ही तोंडं शिवून बसलो होतो."

"मी ओरडले," व्हर्ना म्हणाली. "बुटाची नाडी सुटलीय म्हणून."

वेसने खाली पाहिलं. अजून तेच बूट त्याच्या पायांत होते.

"पण ती तर बांधलेलीच होती, काकू."

"माहीत आहे मला," व्हर्ना म्हणाली, आणि मग डब्याचं झाकण बसवायला तिला बराच वेळ लागला.