बाकड्यावरचा जोडफोटो

विरूपाक्ष हुडगेने नवा कॅमेरा खोक्यातून बाहेर काढला, तेव्हा त्याच्या बायकोने, वर्षाराणीने, तो हातात घेऊन सगळ्यात आधी उलटा करून पाहिला. मागे काचच नव्हती. नुसतं काळं झाकण.

“ह्याचा स्क्रीन कुठाय?”

“नसतोच. रोलचा कॅमेरा हाय ह्यो. पण जुना न्हाई, नवा. आत्ताच बनवलेला.”

“नवा बनवला आन् स्क्रीन टाकायचं विसरले?”

विरूपाक्षने उत्तर दिलं नाही. उदगीरच्या स्टेशन रोडवर त्याचं पाइप आणि मोटारपंपाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांच्या अशा प्रश्नांना उत्तर न देण्याची त्याला सवय होती. शिवाय खरं कारण सांगायला सोपंही नव्हतं. त्याच्या मोबाइलमध्ये इतके फोटो साठले होते की नवीन काढायचा म्हटलं की जुने पुसावे लागत, आणि पुसायला बसलं की कळे, हे आपण काढल्यापासून एकदाही बघितलेले नाहीत. जुने रोलचे कॅमेरे त्याने शोधून पाहिले होते. पण कुणाच्या भिंगाला बुरशी, कुणाचं बटण अडकलेलं. मग कळलं की रोलचे कॅमेरे पुन्हा नव्याने निघू लागलेत, वॉरंटीसकट. त्याची झोप उडाली. अंगठ्याने कळ ओढली की आत रोल सरकल्याचा ‘कर्र’ असा आवाज यायचा. हातपंपाच्या पहिल्या पाण्याआधी येतो तसा. त्या आवाजावरच तो भाळला होता.

“फोटो दिसतो कधी मग?” वर्षाराणीने विचारलं.

“रोल संपला की हैदराबादला पाठवायचा. ते धुऊन मोबाइलवर पाठवतात.”

“म्हणजे शेवटी मोबाइलवरच बघायचा.”

हा कॅमेरा अर्ध्या फ्रेमचा आहे, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन उभे फोटो शेजारी शेजारी बसतात आणि छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर निघतात, ही आनंदाची गोष्ट तो तिला सांगणार होता. ती त्याने मनातच ठेवली.

पहिला रोल टाकायला प्रसंगही चांगला मिळाला. त्याची बहीण ऋतुजा हिची लातूरला घरभरणी होती. सगळं घर निघालं. दोन्ही घरं निघाली, असं म्हणायला हवं, कारण विरूपाक्षचे काका ईश्वरप्पा आणि काकू महानंदाही निघाले. फक्त गाड्या वेगळ्या होत्या.

विरूपाक्षचे वडील शरणप्पा आणि काका ईश्वरप्पा हे सख्खे भाऊ. दुकानं समोरासमोर, मधे फक्त रस्ता. शरणप्पा मुलाच्या दुकानात गादीवर बसत, ईश्वरप्पा समोर सरकी-पेंड विकत. दोघं दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत आणि कित्येक वर्षांत एका शब्दाने बोललेले नव्हते. कारण श्रीशैलमचं होतं. सगळे जीप करून दर्शनाला गेले होते. परतताना वाटेत चहाला थांबले, आणि पुन्हा निघताना शरणप्पांनी मागे वळून बघितलं आणि ‘बसले सगळे, चल’ असं ड्रायव्हरला सांगितलं. ईश्वरप्पा बसलेले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून घरी पोचले, पाय धुतले, आणि तेव्हापासून त्यांनी थोरल्या भावाशी बोलणं सोडलं. शरणप्पांचं म्हणणं, जीप निघताना जाग्यावर नसणं हा बसणाऱ्याचा दोष. दोघं कार्याला जात, जेवत, पण एका खोलीत बसत नसत. नातेवाइकांना सवय झाली होती. पत्रिकेवर नावं घालताना मधे तिसरं नाव घालायची काळजी घेत.

लातूरच्या नव्या घरात ओसरीवर एक लाकडी बाकडं होतं. मागे पोपटी रंगाची ताजी भिंत, समोरून सकाळचं ऊन. विरूपाक्षला तो उजेड फार आवडला. त्याने वडलांना बाकड्याच्या डाव्या टोकाला बसवलं. शरणप्पा फोटोला सहसा तयार नसत, पण पोरीच्या घरात त्यांचं मन प्रसन्न होतं. नेमकं तेव्हाच आतून विरूपाक्षच्या आईने, शिवगंगाबाईंनी, चहा विचारला, आणि त्यांनी हसून उजवीकडे मान वळवली. विरूपाक्षने बटण दाबून कळ ओढली. कर्र. ते उठून आत गेल्यावर थोड्या वेळाने ईश्वरप्पा बाहेर आले आणि उन्हासाठी बाकड्याच्या उजव्या टोकाला टेकले. डाव्या बाजूने पूजेला बोलावलेले स्वामीजी येताना दिसले म्हणून त्यांनी तिकडे बघून हात जोडले आणि हसले. विरूपाक्षने पुन्हा बटण दाबून कळ ओढली. कर्र. दोन्ही वेळा त्याला कॅमेऱ्याच्या खिडकीत एकच माणूस दिसत होता, आणि दोन्ही वेळा त्याला वाटलं, जमलं.

रोल हैदराबादला गेला. काही दिवसांनी तिकडून निरोप आला की फोटो सुटे सुटे हवेत की पट्टीवर आहेत तसे जोडीनं. जोडीनं ठेवले की शेजारशेजारचे दोन फोटो मिळून गोष्ट सांगतात, असं विरूपाक्षने कुठंतरी ऐकलं होतं. त्याने कळवलं, जोडीनं.

फोटो आले ते बाजाराच्या दिवशी. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, कुणाला एल्बो हवा होता, कुणाला फूटव्हॉल्व्ह. नातेवाईक कधीपासून फोटोसाठी मागे लागले होते. त्याने सगळे फोटो एकदम उचलून ‘हुडगे परिवार’ या ग्रुपवर टाकले आणि मोबाइल गल्ल्यापाशी उपडा ठेवला.

दुपारी तो सुलटा केला तेव्हा जोडीनं काय होतं ते त्याला कळलं. स्वामीजींच्या शेजारी गॅसची टाकी होती. महानंदाकाकू फुलकोबीच्या ढिगाशेजारी अशा बसल्या होत्या की त्या विकायलाच बसल्यासारख्या वाटत होत्या. पण ग्रुपवर त्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. सगळा ग्रुप एकाच फोटोवर तुटून पडला होता. पोपटी भिंतीपुढे, एका बाकड्यावर, शरणप्पा आणि ईश्वरप्पा बसले होते. थोरला धाकट्याकडे बघून हसत होता. धाकटा थोरल्याकडे बघून हात जोडत होता. दोघांच्या मधे एक बारीक काळी रेघ होती, पण ती भिंतीला गेलेली तड असावी असं सगळ्यांनी धरलं होतं.

निलंग्याच्या आत्याने नारळ फोडल्याचं कळवलं. भालकीच्या मावसभावाने डोळ्यांत पाणी आल्याचं कळवलं. कुणीतरी फोटोखाली ‘अखेर’ एवढंच लिहिलं होतं. आणि तोवर तो फोटो परिवारातून गल्लीत आणि गल्लीतून समाजाच्या ग्रुपवर जाऊन पोचला होता.

शरणप्पांनी तो मुलाच्याच मोबाइलवर बघितला. बराच वेळ बघितला.

“ह्ये त्येनंच करायला लावलं तुला,” ते म्हणाले. “माज्यापुढं हात जोडल्याचं दाखवून मोठा होऊन राहिला.”

समोरच्या दुकानातून त्याच सुमारास निरोप आला की, शरणप्पांनी पोराकडून खोटा फोटो बनवून धाकट्याला पाया पडायला लावल्याचं ईश्वरप्पांना समजलेलं आहे.

विरूपाक्षने अर्धी फ्रेम म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. वडलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे पुरे दिलते का अर्धेच?” मग त्याने निगेटिव्हची नारिंगी पट्टी आणून उजेडापुढे धरली. नखाएवढे फोटो, दोन वेगळे चौकोन, मधली रेघ, सगळं दाखवलं. शरणप्पांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं.

“ह्यात माजे केस काळे हायत.”

“निगेटिव्हमध्ये उलटं दिसतं, आप्पा.”

“मंग ह्योच टाकायचा व्हता.”

प्रकरण इथंवर राहिलं असतं तरी विरूपाक्षने सोसलं असतं. पण दोन दिवसांनी गुरुपादप्पांचा फोन आला. गुरुपादप्पांची डाळमिल होती, आणि बसवजयंतीच्या उत्सवाचं सगळं तेच बघत. त्यांनी कळवलं की यंदा उत्सवात हुडगेबंधूंचा जोडीनं सत्कार ठरला आहे. इतक्या वर्षांचा अबोला सोडून दोन भाऊ एका बाकड्यावर येतात, समाजातल्या तरुणांपुढे हे यायला हवं. बॅनर छापून चौकात लागलाही होता.

विरूपाक्ष धावत चौकात गेला. बॅनर खरंच लागलेला होता. फ्लेक्सवाल्याने फोटो मोठा करताना मधली रेघ खराबी समजून कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती, आणि बाकड्याची दोन्ही टोकं नीट सांधून दिली होती. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर विरूपाक्षलाही क्षणभर वाटलं, बसले होते की काय.

तो तसाच डाळमिलमध्ये गेला आणि गुरुपादप्पांना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पण एकट्या पोराच्या सांगण्यावरून दोन थोर माणसांचा सत्कार रद्द करणं त्यांना बरं दिसेना. दोघांनी स्वतः येऊन सांगावं, मग बघू, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी विरूपाक्षने आधी वडलांना गाठलं, मग काकांना. दोघंही यायला लगेच तयार झाले. अशा खोटेपणाला आपण कदापि मान्यता देणार नाही, हे दोघांनी वेगवेगळं, पण जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. वर्षाराणी म्हणाली, “सांभाळून न्या. आन् तो कॅमेरा घरी ठेवून जा.”

मिलच्या बैठकीत गुरुपादप्पा मधे बसले होते. शरणप्पा भिंतीकडे एका बाजूला बसले, ईश्वरप्पा दारापाशी दुसऱ्या बाजूला. विरूपाक्ष उभाच राहिला.

“आमी बोलत न्हाई,” शरणप्पांनी गुरुपादप्पांना सांगितलं.

“अजिबात बोलत न्हाई,” ईश्वरप्पांनी गुरुपादप्पांनाच सांगितलं.

गुरुपादप्पांनी मान डोलावली आणि, माहीत असूनही, कारण विचारलं. शरणप्पांनी जीप, चहा आणि वेळेवर जाग्यावर न बसणारी माणसं याबद्दल सविस्तर सांगितलं. ईश्वरप्पा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना.

“त्यांना इचारा,” ते गुरुपादप्पांना म्हणाले, “मी जाग्यावर का नव्हतो ते.”

“का नव्हता?” शरणप्पांनी गुरुपादप्पांना विचारलं.

“पेरू आणाया गेलतो. हाटेलीमागं बाई बसली व्हती पेरू घिऊन. सकाळपासून जीपमधी कोन म्हनत व्हतं, पेरू खावं वाटून राहिलं म्हनून?”

विरूपाक्षला आठवेना, पण वडलांच्या तोंडावरून त्यांना आठवलेलं दिसत होतं. त्यांनी धोतराचा सोगा उगाचच सारखा केला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वळून थेट भावाकडे बघून बोलले.

“मंग कुठं हायत पेरू?”

“बसमधी खाल्ले,” ईश्वरप्पा म्हणाले. “भूक लागलती, अण्णा.”

शरणप्पांनी आपल्यासमोरचा चहाचा कप उचलला, तो गार झाला होता, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाले, “समदे खाल्ले?”

“पिकलेले हुते.”

मग गुरुपादप्पांनी सावकाश विचारलं की, फोटो खोटा आहे असं दोघांचंही म्हणणं आहे, तेव्हा सत्कार रद्द करू का. शरणप्पांनी ईश्वरप्पांकडे पाहिलं. ईश्वरप्पांनी छताकडे पाहिलं.

“बॅनर वाया जाईल,” ईश्वरप्पा म्हणाले.

“हाव,” शरणप्पा म्हणाले. “छापल्यालं वाया घालवू नये.”

दुसरी गोष्ट ज्यावर त्यांचं तिथल्या तिथं एकमत झालं ती ही, की पोराचा कॅमेरा कामाचा नाही. ती मात्र दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं पुरी करत, घरी पोचेपर्यंत विरूपाक्षला समजावली. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. पण तो स्कूटर ढकलत दोघांच्या मागून चालत होता, आणि पुढे दोन म्हातारे हातवारे करत बोलत चालले होते, तेव्हा गप्प राहणंच त्याला बरं वाटलं.

सत्कार झाला. दोघांना फेटे बांधले, शाली घातल्या. शरणप्पांना दोन शब्द बोलायला सांगितले. त्यांनी माइक हातात घेतला आणि सभेला सांगितलं की लातुरात पोरीच्या घरभरणीला आपण ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात धाकटा आला, आपणच सरकून त्याला जागा दिली आणि म्हणालो, ईश्या, बस. सभेने टाळ्या वाजवल्या. ईश्वरप्पांनी माइक मागून घेतला. आपण आधी हात जोडले, मग अण्णांनी बस म्हणून सांगितलं, हा क्रम त्यांनी स्पष्ट केला. मग त्या बाकड्यावर दोघांत काय काय बोलणं झालं ते दोघांनी आळीपाळीने सांगितलं. महानंदाकाकूंनी पदराने डोळे पुसले. विरूपाक्ष पहिल्या रांगेत मांडीवर कॅमेरा घेऊन बसला होता आणि अंगठा कळीवर ठेवून ऐकत होता.

जेवायला पंगत बसली. गव्हाच्या खिरीवर, म्हणजे हुग्गीवर, तूप पडलं. विरूपाक्ष वडील आणि काकांच्या समोरच्या पानावर होता. त्याला राहवलं नाही. आजूबाजूला कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो पुढे वाकला.

“आप्पा, तुमी त्या दिवशी एकत्र बसलाच नव्हता. तुमी उठून गेल्यावर काका आले.”

दोघा भावांनी हातातला घास थांबवला आणि एकमेकांकडे पाहिलं.

“तू कुठं हुतास तवा?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“तिथंच. मीच तर फोटो काढत होतो.”

“आसंल,” शरणप्पा शांतपणे म्हणाले. “एक डोळा झाकून बघून राहिलतास तू. तुला काय दिसनार?”

आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी धाकट्या भावाच्या पानावर आणखी हुग्गी वाढायला लावली.